दोष यंत्राचा, दंड ग्राहकाला

विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीच्या क्षणी संपत नाही; खरे तर ती तेथूनच सुरू होते, हा बाजाराचा जुना आणि साधा धर्म आहे. गावच्या बाजारात कोयता विकणारा लोहारही पहिल्याच हंगामात पाते मुठीतून निसटले तर ते पुन्हा ठोकून देतो, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत नाही. हा धर्म आज कोणी सोयीस्करपणे विसरले असेल, तर ते लॅपटॉप बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो. यंत्रात बिघाड झाला की तो यंत्राचा नसून वापरणाऱ्याचा आहे असे आधी ठरवायचे आणि तपासणी मागाहून करायची, अशी उफराटी रीत त्यांच्या ग्राहक सेवा विभागांनी रूढ केली आहे. या रीतीविरुद्ध स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विषय एका साहित्यविषयक त्रैमासिकाचा कसा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. जो प्रश्न आपल्या घराघरांत शिरला आहे, तो साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याचे कारण नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा-महाविद्यालये घरातल्या पडद्यावर भरू लागली, आणि लॅपटॉप ही चैनीची वस्तू राहिली नाही. कुणी पतपेढीतून कर्ज काढले, कुणी आखातातून आलेल्या पैशांतून तजवीज केली, कुणी मासिक हप्ते बांधून घेतले. चाळीस-पन्नास हजार रुपये ही आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. एवढा पैसा मोजून आणलेली वस्तू वर्षाच्या आत मोडते, आणि ती बनविणारा म्हणतो, ‘तुम्हीच मोडली’; तेव्हा प्रश्न केवळ एका वस्तूचा राहत नाही. तो कुटुंबाच्या सचोटीवर घेतलेल्या संशयाचा होतो.

आता मूळ बिघाडाकडे वळू. लॅपटॉपचे झाकण, म्हणजे पडदा असलेला भाग, खालच्या भागाला दोन बिजागऱ्यांनी जोडलेले असते. बिजागरी धातूची आणि चांगली ताठ असते, कारण पडदा हव्या त्या कोनात स्थिर राहावा लागतो. परंतु स्वस्त बांधणीच्या अनेक यंत्रांत ही धातूची बिजागरी ज्या स्क्रूंनी बसविलेली असते, ते स्क्रू पितळेच्या इवल्याशा नटांत फिरतात, आणि ते नट नुसत्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतविलेले असतात. झाकण उघडताना आणि मिटताना पडणारा सारा ताण त्या खुंट्यांवर येतो. यंत्र जितके पातळ, तितकी खुंटी बारीक. काही महिन्यांत प्लॅस्टिकला चीर जाते, नट उपटून येतो, कवचाचा कोपरा फाकतो. आणि तसेच वापरत राहिले तर बिजागरीजवळून पडद्याकडे जाणारी तारही एक दिवस तुटते. घराचा दरवाजा उघडल्यामुळे त्याची बिजागरी चौकटीतून उखडली, तर आपण सुताराला बोल लावतो, दार उघडणाऱ्याला नव्हे. दार उघडण्यासाठीच असते.

नेमका हाच बिघाड आमच्या घरातील लॅपटॉपमध्ये खरेदीनंतर आठव्या महिन्यात झाला. किंमत चौपन्न हजार रुपये. हमी एक वर्षाची. यंत्र एकदाही पडलेले नव्हते; त्यावर साधा ओरखडाही नव्हता. डावा कोपरा फाकला, एवढेच. कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण आमचा वाद एका नावाशी नसून एका रीतीशी आहे.

आम्ही सेवा केंद्राचा दूरध्वनी फिरविला. एक दाबा, दोन दाबा, संगीत ऐका, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, अशी पस्तीस मिनिटे गेल्यावर एक मानवी आवाज कानी आला. त्या आवाजाने प्रथम आम्हांला यंत्रातील मूळ प्रणाली पुसून नव्याने भरावयास सांगितले. तुटलेल्या बिजागरीवर हा उपाय म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला डोळ्यांत थेंब घालण्यासारखा होता. परंतु तो त्याच्या समोरच्या यादीत पहिला होता आणि तो केल्यावाचून दुसऱ्याकडे जाता येत नव्हते. मग छायाचित्रे मागविली गेली. ती पाठविल्यावर पुन्हा मागविली गेली. तिसऱ्या आठवड्यात एक तरुण तंत्रज्ञ घरी आला. त्याने झाकण एकदा उघडले, एकदा मिटले आणि कागदावर तीन इंग्रजी शब्द लिहिले: कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज. म्हणजे, ग्राहकाने केलेली हानी. कवच उघडून आतील खुंट्या त्याने पाहिल्याच नाहीत. आम्ही कारण विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “काका, बिजागरी तुटली की हेच लिहायचं असं आम्हांला सांगितलेलं आहे. माझ्या हातात काही नाही.”

त्यानंतर दुरुस्तीचे अंदाजपत्रक आले: पंधरा हजारांहून अधिक. बिजागरी सुटी मिळत नाही. वरचे झाकण, खालचे कवच, मजुरी आणि वर अठरा टक्के कर, असे सारे एकत्रच घ्यावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू या अंदाजपत्रकासाठीच करून ठेवली असावी. आम्ही लेखी हरकत घेतली. प्रत्येक पत्राला उत्तर आले, प्रत्येक उत्तराखाली निराळे नाव होते, आणि मजकूर मात्र अक्षरशः तोच होता. पाचव्या आठवड्यात आमच्याशी संपर्क न झाल्याचे कारण दाखवून तक्रार बंद करण्यात आली. त्या दिवशी आमच्या दूरध्वनीवर त्यांचा एकही फोन आलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ‘आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?’ अशी विचारणा मात्र न चुकता आली.

सात आठवडे असे गेल्यावर आम्ही कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने कायदेशीर नोटीस धाडली. तेराव्या दिवशी फोन आला. आवाज अदबशीर होता, मराठीही शुद्ध होती. ‘विशेष बाब म्हणून, केवळ सद्भावनेपोटी’ दुरुस्ती विनामूल्य करून देण्यात येईल, असे सांगण्यात आले. आणि ती करूनही देण्यात आली.

वाचकहो, या ‘सद्भावने’वरच आमचा मुख्य आक्षेप आहे. हानी आम्ही केली असेल, तर कंपनीने पंधरा हजारांचे काम फुकट का केले? आणि हानी यंत्राच्या बांधणीतील दोषाने झाली असेल, तर सात आठवडे ते नाकारले का? या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर कंपनीला द्यावेच लागेल. सद्भावना हा शब्द त्या दोन्ही उत्तरांतून निसटण्याची वाट आहे. तिच्यामुळे दोष मान्य करावा लागत नाही, नियम बदलावा लागत नाही, आणि पुढच्या ग्राहकाला पुन्हा ‘तुम्हीच मोडली’ असे सांगण्याची सोय शाबूत राहते. आम्हांला भीक नको होती, हक्क हवा होता. भीक मिळाली, हक्क अद्याप मिळालेला नाही.

तो मिळालेला नाही याचा पुरावा आमच्याच धर्मग्रामात आहे. पुढे चौकशी करता असे आढळले की, याच बनावटीचे आणखी दोन लॅपटॉप ओळखीच्या घरांत होते आणि दोन्हींचा डावा कोपरा तसाच फाकला होता. एका कुटुंबाने मुकाट्याने पैसे भरले. दुसऱ्या घरी तेवढे पैसे नव्हते. तेथील मुलगी आजही ते झाकण पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून अभ्यास करते. दोघांनाही वाटले होते की चूक आपलीच असावी. एकट्या ग्राहकाला अपराधी ठरविणे सोपे असते. तिघे एकत्र आले की ध्यानात येते, तीन घरांतील तीन माणसे एकाच कोपऱ्याशी एकाच तऱ्हेने निष्काळजी असू शकत नाहीत.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेत 2003 ते 2005 या काळात डेल कंपनीने विकलेल्या लक्षावधी संगणकांत सदोष कपॅसिटर बसविले गेले होते. ते फुगत, गळत आणि यंत्र बंद पडे. एका खटल्यातील कागदपत्रे 2010 साली खुली झाली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर सविस्तर वृत्त दिले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातील संगणक बंद पडू लागले असता, विभागाने त्यांच्याकडून फार अवघड गणिते करून घेतल्यामुळे यंत्रांवर ताण पडला, असे कारण कंपनीने पुढे केले होते, असे त्या वृत्तात नमूद आहे. गणित विभागाने संगणकावर गणिते केली, हा त्यांचा अपराध! आमच्याकडे झाकण उघडले हा अपराध; तिकडे गणित केले हा. प्रदेश वेगळा, काळ वेगळा, युक्तिवाद मात्र एकच.

दुसरे उदाहरण ॲपलचे. 2015 साली या कंपनीने आपल्या मॅकबुकमध्ये अतिशय पातळ, ‘बटरफ्लाय’ नावाच्या रचनेचा कळफलक आणला. धुळीचा कण अडकला तरी कळ रुतून बसते अथवा एकच अक्षर दोनदा उमटते, अशा तक्रारी येऊ लागल्या. 2018 च्या जून महिन्यात, तक्रारी आणि खटले वाढल्यानंतर, कंपनीने विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. 2022 साली पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. तीतही कंपनीने कोणतीही चूक मान्य केली नाही. शिवाय त्या भरपाईचे धनी अमेरिकेतील केवळ सात राज्यांतले ग्राहक होते. जेथे ग्राहक एकत्र येऊन न्यायालयात उभे राहिले तेथे पैसे मिळाले, एवढाच याचा अर्थ.

याच्या उलट 2006 साल पाहा. सोनीने बनविलेल्या बॅटऱ्यांच्या आत धातूचे सूक्ष्म कण राहिल्यामुळे लॅपटॉप पेट घेऊ शकतात असे दिसून आले, तेव्हा एकट्या डेलने सुमारे 41 लाख आणि ॲपलने जगभरातून सुमारे 18 लाख बॅटऱ्या परत बोलाविल्या. त्या वेळी कोणी ग्राहकाला विचारले नाही की तुम्ही बॅटरी फार तापविली काय. म्हणजे दोष मान्य करणे कंपन्यांना अशक्य आहे असे मुळीच नाही. आग लागली, वृत्तपत्रांत छायाचित्र आले, की दोष लगेच दिसतो. बिजागरीला आग लागत नाही. ती मुकाट्याने तुटते, आणि तुटणारे घरही बहुधा मुकाट्यानेच सोसते. या मौनावरच हा सारा व्यवहार उभा आहे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कंपन्या म्हणतात, लोक यंत्र पाडतात, त्यावर चहा सांडतात आणि हमीत दुरुस्ती मागतात. अशांचा भुर्दंड प्रामाणिक ग्राहकांवर पडू नये म्हणून आम्हांला कठोर व्हावे लागते. असे लबाड ग्राहक नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पडलेल्या यंत्रावर आघाताची खूण असते, सांडलेल्या द्रवाचा डाग आत राहतो, आणि ओल लागताच रंग बदलणारे चिकटकागद कित्येक कंपन्या स्वतःच यंत्राच्या आत लावून ठेवतात. म्हणजे तपासण्याची साधने हाताशी आहेत. मागणी एवढीच आहे की तपासा आणि मग निर्णय द्या; आणि निर्णयाचे कारण लेखी, छायाचित्रासह द्या. लबाड ग्राहक पकडायचा म्हणून प्रत्येक ग्राहकाला लबाड मानायचे, हा न्याय आपण पोलिसांकडूनही मान्य करीत नाही. मग दुकानदाराकडून का करावा? शिवाय येथे आरोप करणारा, तपास करणारा आणि निकाल देणारा एकच आहे, आणि निकालाप्रमाणे पैसे घेणाराही तोच आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवितो. आमचा रोष फोनवरच्या आवाजावर नाही, आणि दारी आलेल्या त्या तरुणावर तर नाहीच. मालाडच्या, ऐरोलीच्या सेवा केंद्रांत रात्रपाळी करणारी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. समोर ठेवलेली यादी वाचणे हे त्यांचे काम. यादी लिहिणारे हात दुसरेच आहेत. फोनवर त्या पोरांना लागट बोलून आपला राग शमेल, पण यादीतील एक अक्षरही बदलणार नाही. कंपन्यांना हेच हवे असते की, ग्राहकाने आपला संताप अशा माणसावर काढावा ज्याच्या हाती काहीच नाही.

मग हाती काय आहे? कायदा आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा. 24 डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. तो जुलै 2020 पासून अमलात आहे. या नव्या कायद्याने ग्राहकाला, तो जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरात असले तरी आपल्याला तेथवर जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासल्याखेरीज ठरत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगाला आहे. तंत्रज्ञाने कागदावर लिहिलेले ते तीन शब्द, कंपनी काहीही म्हणो, अंतिम निकाल नव्हेत, हे प्रत्येक कुटुंबाने मनावर कोरून ठेवावे.

कायदा आहे म्हणून सारे सुरळीत आहे असा मात्र आमचा दावा नाही. शक्यतो तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात प्रकरणे त्याहून पुष्कळ लांबतात, आणि कंपन्यांनाही ते ठाऊक असते. म्हणून कायद्याबरोबर दुसरीही एक गोष्ट हवी, ती म्हणजे दुरुस्तीचा हक्क. बिजागरी सुटी मिळाली असती आणि यंत्र उघडण्याची माहिती पुस्तिकेत छापलेली असती, तर नाक्यावरचा कुशल कारागीर हजार-दीड हजारांत ते काम करून देता. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर, ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र शासनाने 2022 च्या जुलैमध्ये या प्रश्नावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु सुटे भाग विकण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली चौदा कंपन्यांना, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल, अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली हे खरे. परंतु तत्त्व त्या निर्णयात स्वच्छ मांडले आहे. जे तत्त्व मोटारीला लागू, ते लॅपटॉपला का नसावे?

आमच्या मागण्या चार आहेत. हमी नाकारताना यंत्र उघडून तपासले पाहिजे आणि कारण लेखी दिले पाहिजे. बिजागरीसारखा झिजणारा भाग सुटा आणि वाजवी किमतीत मिळाला पाहिजे. ग्राहकाची संमती असल्याशिवाय तक्रार बंद होता कामा नये. आणि एकाच बनावटीत तोच बिघाड वारंवार आढळला, तर त्याची मोफत दुरुस्ती सर्वांना मिळाली पाहिजे; जो नोटीस धाडतो केवळ त्याला नव्हे.

या मागण्या कंपन्या आपण होऊन मान्य करतील अशी आशा बाळगण्याइतके आम्ही भोळे नाही. म्हणून काही कर्तव्ये आपल्यालाही करावी लागतील. यंत्र घरी येईल त्या दिवशी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. पावती आणि हमीपत्र घरातल्या दस्तऐवजांच्या पेटीत ठेवावे. बोलणे फोनवर झाले तरी त्याचा गोषवारा त्याच दिवशी लेखी पाठवावा. तंत्रज्ञाच्या कागदावर निष्कर्ष मान्य नसेल तर सही करताना ‘अमान्य’ असे स्पष्ट लिहावे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. 1975 पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात; त्यांचे दार ठोठवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बोलावे. आपल्या गावांत पतपेढ्या उभ्या राहिल्या त्या एकेकट्याच्या पैशाने नव्हे. दहा घरांनी आपली अडचण एकमेकांना सांगितली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एक रविवार दोन जाणती माणसे एक वही घेऊन बसली, आणि कोणत्या बनावटीचे कोणते यंत्र कितव्या महिन्यात कोठे मोडले एवढेच लिहू लागली, तर वर्षभरात ती वही कोणत्याही आयोगापुढे ठेवण्याजोगी साक्ष होईल. एक तुटलेली बिजागरी हा अपघात म्हणून खपविता येतो. वहीतल्या चाळीस बिजागऱ्या खपविता येणार नाहीत. ज्यांनी मुकाट्याने पैसे भरले आणि जे अजून पुस्तकांच्या गठ्ठ्याला झाकण टेकवीत आहेत, त्यांची नावे त्या वहीत सर्वांत आधी यावीत.